मामाची कॅसेट आणि डी सिकाचा मॅम्बो

आमचा मामा बोटीवर होता. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजावर, इंजिन रूममध्ये, आठ-आठ नऊ-नऊ महिने पत्ता नाही आणि मग एकदम गणपतीच्या तोंडावर गुहागरला बॅगा भरून हजर. बाकीच्यांचे मामा खाऊ आणायचे, आमचा मामा साबणाच्या वड्या, टॉर्च आणि कॅसेटी आणायचा. त्यातली एक कॅसेट नापोलीची. इटलीतलं हे बंदर, पण नेपल्स हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकलाच नाही, तो कायम नापोली म्हणायचा आणि असा म्हणायचा की जणू चिपळूणच्या पुढचं स्टेशन. त्या कॅसेटमधलं एक गाणं आम्ही भावंडांनी इतकं वाजवलं की टेप मधोमध चुरगळली आणि तेवढ्या जागी गाणारा बुडी मारून वर आल्यासारखा वाटायचा.

शब्द कुणाला कळत होते? आम्ही 'तुवा पाला मेरी का नो' असं म्हणत आरतीच्या झांजा घेऊन पडवीत नाचायचो. पण गाणारा माणूस हसत हसत कुणाची तरी टर उडवतोय एवढं मात्र पक्कं कळत होतं, ते कळायला भाषा लागत नाही. एकदा मामाला विचारलं की यात म्हटलंय तरी काय. तो सुपारी कातरत होता, मान वर न करता म्हणाला, "अगो, आपल्या वाडीत नाय का गणपतीत मुंबयवाले पोरगे येतात, गॉगल लावून फिरतात, हितल्या च्याला नावं ठेवतात आणि जाताना गाडीभाडं आयशीकडनं घेऊन जातात? त्यांच्यावर हाय."

मला वाटलं मामा नेहमीप्रमाणे ठोकून देतोय. पण पुढे कितीतरी वर्षांनी, इंटरनेट आल्यावर, मी त्या गाण्याचा अर्थ शोधला आणि थक्क झाले, कारण मामाचं भाषांतर शंभर टक्के बरोबर होतं. १९५६ सालचं गाणं, 'तू वुओ फा लामेरिकानो', म्हणजे 'तुला अमेरिकन व्हायचंय'. चाल रेनातो कारोसोनेची, शब्द निकोला सालेर्नोचे, तो निझा या नावानं लिहायचा. कागद हातात पडल्यावर कारोसोने पियानोपाशी बसला आणि पंधरा मिनिटांत चाल लावून मोकळा झाला असं सांगतात. गाण्यातला पोरगा मागे लेबल दिसेल अशी पँट घालतो, टोपीचं टोक वर करून नापोलीच्या तोलेदो रस्त्यावर मिरवतो, व्हिस्की-सोडा पितो, रॉक अँड रोल नाचतो, बेसबॉल खेळतो. आणि कॅमल सिगारेटचे पैसे कुठून? आईच्या पर्समधून! त्यातही गंमत अशी की टर उडवायची अमेरिकेची आणि ठेका मात्र अस्सल अमेरिकन, स्विंग आणि बूगीचा. म्हणजे नावं ठेवणारासुद्धा त्याच बसमधून उतरलेला.

हे गाणं नुसतं रेकॉर्डवर राहिलं नाही. १९५८ मध्ये तोतो आणि पेप्पिनो या जोडीच्या एका कॉमेडी सिनेमात स्वतः कारोसोनेच बँड घेऊन ते वाजवतो. त्याच्या बँडमधला जेजे दी जाकोमो हा ड्रमवाला तर बघण्यासारखा प्राणी, ड्रम वाजवता वाजवता चेहऱ्यावर अख्खं नाटक करायचा, मधेच 'कांता नापोली' अशी आरोळी ठोकायचा. मग १९६० च्या 'इट स्टार्टेड इन नेपल्स' मध्ये काप्री बेटावरच्या नाइटक्लबात सोफिया लॉरेन हेच गाणं म्हणते. हिरो क्लार्क गेबल, म्हणजे खराखुरा अमेरिकन! आणि त्याच सिनेमात वकिलाचं काम कुणी केलंय? व्हित्तोरिओ डी सिकानं.

तोच का? हो, तोच. १९४८ च्या 'बायसिकल थीव्ज' चा दिग्दर्शक. आणि इथून माझी जुनी तक्रार सुरू होते.

पुण्यात कॉलेजला असताना मी एका फिल्म सोसायटीची मेंबर झाले होते (नाव सांगत नाही, माणसं चांगली होती, चहाही चांगला असायचा). तिथे माझा पहिला 'बायसिकल थीव्ज'. सिनेमा सुरू व्हायच्या आधी एक सर उभे राहिले आणि म्हणाले की आता बघा, याला म्हणतात सिनेमा, यात गाणं नाही, नाच नाही, विनोदाचा आचरटपणा नाही. आम्ही सगळे माना डोलावल्या. सिनेमा संपला तेव्हा मी रडत होते, शेजारचा मुलगा रडत होता, आणि त्या दिवसापासून पुढची दहा-बारा वर्षं तरी माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं की वास्तव म्हणजे गाणी नसणं. घरी टीव्हीवर भगवानदादा लागले की मी उठून आत जायचे. आई म्हणायची, हिला काय झालं.

आणि त्या सिनेमात गाणं आहे की हो! एक नाही, दोन जागा आहेत. तेव्हा मी त्या बघितल्याच नव्हत्या, म्हणजे पडद्यावर बघितल्या पण सरांनी नाही म्हणून सांगितलेलं असल्यामुळे डोळ्यांनी नोंदच घेतली नाही.

पहिली जागा लहानशी. सायकल चोरीला गेल्यावर सिनेमातला बाप, अंतोनिओ, आपल्या मित्राला शोधत एका तळघरात जातो. तिथे एका बाजूला कामगारांची मीटिंग चालू आहे आणि दुसऱ्या बाजूला हौशी मंडळींच्या कार्यक्रमाची तालीम. तालमीतल्या गाणाऱ्याला एक ओळ काही केल्या जमत नाही, परत परत तिथेच घसरतो. ज्याचं आयुष्य त्या एका सायकलवर अडलंय तो माणूस उभा, आणि मागे हा प्राणी सुराला लटकलेला. आपल्याकडच्या कुठल्याही गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम आठवा, तोच वास आहे त्याला.

दुसरी जागा खानावळीची, आणि ही मात्र मी आता इतक्या वेळा बघितलीय की तोंडपाठ आहे. दिवसभर बापलेक पाय तुटेस्तोवर हिंडलेत. वैतागून बापानं पोराच्या, ब्रुनोच्या, थोबाडीत दिलीय. मग नदीवर कुणीतरी मुलगा बुडाल्याचा गलका ऐकून त्याच्या छातीत धस्स झालंय की आपलाच तर नाही. तो नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो आणि खिशात असतील नसतील त्या पैशांनिशी तो पोराला खानावळीत घेऊन जातो, वाइन मागवतो. शेजारच्या टेबलावर एक श्रीमंताघरचा भांग पाडलेला पोरगा सफाईनं जेवतोय. ब्रुनोच्या ताटात चीज भरून तळलेल्या पावाचे तुकडे, काटा-सुरी त्याला जमत नाही, तो हातानं उचलून चावा घेतो आणि चीजची तार लांबतच जाते, लांबतच जाते, आणि ती तार तोंडात असतानाच तो मान वळवून त्या शिष्ट पोराकडे बघतो. आणि या सगळ्याच्या मागे खानावळीतले वाजवणारे एक झकास उडतं गाणं वाजवतायत.

ते गाणं आहे 'ताम्मुर्रियाता नेरा'. १९४४ सालचं, नापोलीच्या बोलीतलं. १ ऑक्टोबर १९४३ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य नापोलीत शिरलं, त्यानंतर काही महिन्यांनी गावातल्या बायकांना सावळी मुलं व्हायला लागली, आणि सगळ्या गावाला बाप कोण ते माहीत असून गाणं मात्र साळसूदपणे म्हणतं की कसं झालं बाई हे कळत नाही, नाव काहीही ठेवा, पोरगं काळं ते काळंच. आज ऐकताना जरा अवघडायला होतं, खोटं कशाला बोला. पण त्याच्यात टोमणा आहे, भूक आहे, युद्ध हरलेल्या गावाची लाज आहे आणि त्या सगळ्यावर तो नाचरा ठेका. रोममधला बेकार बाप पोराला खोटं खोटं सुख देतोय आणि मागे हे. सिनेमाभर जे रडू साठत जातं त्याचं निम्मं तरी या खानावळीतल्या मजेत आहे असं माझं म्हणणं आहे, कारण इथे ते दोघं खूष होतात आणि लगेच बाप पगाराचा हिशोब मांडायला घेतो, महिन्याचे किती मिळाले असते, भत्ता किती, आणि आकडे पोराकडून लिहून घेताना त्याचा चेहरा उतरत जातो. गाणं नसतं तर हा उतार एवढा तीव्र लागला असता का?

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला त्यात हा सिनेमा दाखवला होता. पुढच्याच वर्षी बिमल रॉयांचा 'दो बीघा जमीन' आला. आपल्याकडच्या लोकांनी त्या महोत्सवातून रस्ता घेतला, ऊन घेतलं, घामेजलेले चेहरे घेतले, सगळं चांगलंच घेतलं. फक्त नंतरच्या पिढीतल्या सोसायटीवाल्या सरांनी ती खानावळ बंद करून टाकली.

बरं, हा माणूस मुळात कोण होता ते तरी बघा. १९३२ साली मारिओ कामेरिनीचा एक सिनेमा आला, नावाचा अर्थ साधारण 'पुरुष मेले कसले लबाड'. त्यात तरुण डी सिका ड्रायव्हर आहे, मिलानमधला. पोरगी पटवायला मालकाची गाडी आपलीच म्हणून मिरवतो, तिला फिरायला नेतो आणि एका खानावळीत तिच्याबरोबर नाचता नाचता 'पारलामी दामोरे मारियू' हे गाणं म्हणतो. गाणं असं गाजलं की इटलीत आजही कुणीही गुणगुणेल. आवाज काही फार मोठा नाही त्याचा, मधाळ आहे, जरासा नाकातला, आणि चेहऱ्यावर सतत असा भाव की आपण थाप मारतोय हे आपल्यालाही माहितीय आणि तुम्हालाही, तर आता मजा घेऊ या. त्या ड्रायव्हरचं नाव काय, तर ब्रुनो! सोळा वर्षांनी सायकलच्या सिनेमातल्या पोराचं नावही ब्रुनोच. मुद्दाम असेल असं मी म्हणत नाही, इटलीत ढिगानं ब्रुनो असतात, पण मला आपलं बरं वाटतं.

म्हणजे ज्याच्या नावानं आम्हाला गाण्यांपासून सोडवलं गेलं तो जन्माचा गाणारा-नाचणारा हिरो होता. दिग्दर्शक नंतर झाला. त्याला जुगाराचा जबरी नाद होता, कॅसिनोत पैसे घालवायचा आणि ते भरून काढायला मिळेल त्या सिनेमात तोंडाला रंग लावायचा. १९५२ चा त्याचा 'उंबेर्तो डी' धंद्यात आपटला आणि पुढच्याच वर्षी तो एका हलक्याफुलक्या खेडेगावातल्या कॉमेडीत पोलिसातला मारेशाल्लो होऊन आला, आपल्याकडचा फौजदार म्हणा. सिनेमा तुफान चालला. मग दुसरा भाग आला, मग १९५५ मध्ये तिसरा, 'पाने, आमोरे ए...', म्हणजे 'भाकरी, प्रेम आणि...'. पहिल्या दोन भागांत जीना लोलोब्रिजिदा होती, तिसऱ्यात ती नाही, सोफिया लॉरेन आली. दिग्दर्शक दीनो रिसी, रंगीत, सिनेमास्कोप.

गोष्ट किरकोळ आहे. रिटायर झालेला मारेशाल्लो आपल्या गावी, सोरेंतोला परत येतो, तर त्याच्या घरात भाडेकरू म्हणून एक मासेवाली राहते, दोन्ना सोफिया, जिभेची तिखट, आणि ती काही घर सोडायला तयार नाही. (मासेवालीशी भांडून घर रिकामं करून घेणे! गुहागरच्या माणसाला हे कशाला समजावून सांगायला पाहिजे.) तिचं मन दुसऱ्याच एका तरुण पोलिसावर आहे, पण म्हातारा विरघळतोय म्हटल्यावर ती त्याला खेळवते. आणि मग तो मॅम्बो, क्युबाच्या तालावरचा नाच.

तो मॅम्बो मी पहिल्यांदा बघितला रात्री एक वाजता, मोबाईलवर, आवाज बारीक करून, शेजारी नवरा झोपलेला. सोफिया लाल ड्रेसमध्ये, जेमतेम एकवीस वर्षांची. तिचं नाचणं बघत सगळं जग बसलंय, बसू दे. तुम्ही म्हाताऱ्याकडे बघा. चोपन्न वर्षांचा डी सिका, पिकलेले केस, आयुष्यभर युनिफॉर्ममध्ये राहिलेल्या माणसाची ताठ मान. वरचा अर्धा माणूस अजून पोलिस खात्यात आहे आणि खालच्या अर्ध्यानं राजीनामा दिलाय. मान ढिली होत नाही, चेहरा गंभीर, आणि कंबर मात्र आपल्या मनानं चाललीय. मग हळूच खांदे फितूर होतात, मग हात. सिनेमास्कोपची रुंद चौकट असल्यामुळे दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, उगाच चेहऱ्यावर, पायावर तुकडे तुकडे करून दाखवलेलं नाही, त्यामुळे आपणच कधी तिच्याकडे कधी त्याच्याकडे बघत राहतो आणि हसू येतं ते आपलं आपण शोधलेलं असतं.

आणि तो वाईट नाचत नाही हो! हीच तर मेख आहे. दुसऱ्या कुणी या जागी म्हाताऱ्याला धडपडवला असता, पाय घसरवला असता, पँट फाडली असती. डी सिका ताल अगदी बरोबर पकडतो आणि त्यामुळेच उघडा पडतो, कारण एवढ्या हुद्द्याच्या माणसाला इतका चांगला मॅम्बो यायला नको होता. तेव्हा मला एकदम भगवानदादा आठवले. ते 'अलबेला' तलं जेमतेम हललेलं अंग, तेवढ्यावर अख्खं थिएटर नाचवायचं. त्या माणसाला बघून मी उठून आत जायचे! रात्री एक वाजता मनातल्या मनात माफी मागितली.

गाण्याचीही एक गंमत सांगायची राहिली. 'मॅम्बो इटालियानो' हे इटलीचं गाणं नाहीच. १९५४ मध्ये बॉब मेरिल या अमेरिकन माणसानं लिहिलं, रोझमेरी क्लूनीनं गायलं, शब्द म्हणजे इटालियन वाटेल अशी खिचडी, वर क्युबाचा ताल. अमेरिकेनं खोटी इटली बनवून विकली आणि पुढच्या वर्षी खऱ्या इटलीनं ती विकत घेऊन सोरेंतोत नाचून दाखवली, आणि त्यानंतर वर्षभरात कारोसोने येऊन म्हणतो की तुला अमेरिकन व्हायचंय होय रे. कुणी कुणाची नक्कल केली याचा हिशोब लावायला बसलात तर चहा थंड होईल.

तोतोबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, इथे थोडंच लिहिते. नापोलीचा सगळ्यात मोठा विनोदी नट, खरं नाव आंतोनिओ दे कुर्तिस. १९५२ च्या 'तोतो आ कोलोरी' मध्ये, इटलीतल्या पहिल्यावहिल्या रंगीत सिनेमांपैकी एक तो, तोतो एक स्वतःला थोर समजणारा गावठी संगीतकार झालाय. शेवटाकडे जीव वाचवायला तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात घुसतो आणि बाहुली बनून नाचतो. माणसाच्या अंगात हाडं आहेत हे विसरायला होतं. मान एका दोरीवर, कोपर दुसऱ्या, आणि दोऱ्या सुटल्या की कपड्याचा ढीग कोसळावा तसा खाली. त्या रंगीत फिल्मला प्रचंड उजेड लागायचा, सेटवर दिव्यांनी भाजून निघायचे लोक. डोळ्यांनी आधीच अधू असलेला माणूस त्या उजेडात हे करत होता. पुढे १९५७ मध्ये त्याची नजर जवळपास गेलीच, आणि तरी तो मरेपर्यंत, म्हणजे अजून दहा वर्षं, सिनेमे करत राहिला.

परत डी सिकाकडे. १९६३, 'येस्टर्डे, टुडे अँड टुमॉरो', दिग्दर्शक तोच. तिसऱ्या गोष्टीत सोफिया लॉरेन रोममधली कॉलगर्ल मारा आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी बोलोन्याहून येणारं तिचं श्रीमंत गिऱ्हाईक, बापाला टरकून असणारं. 'आबा-जूर' नावाचं संथ गाणं लागतं, ती एकेक कपडा उतरवायला लागते, आणि मास्त्रोयानी पलंगावर बसून शाळेतल्या पोरानं सर्कस बघावी तसा बघतो आणि मधेच कोल्ह्यासारखा लांब हेल काढून ओरडतो. आणि ऐन वेळी तिला आठवतं की आपण आठवडाभर ब्रह्मचर्याचा नवस बोललोय! सगळं जागच्या जागी थांबतं. आपल्याकडे उपास लक्षात नसताना चिवड्याचा बकाणा भरल्यावर जो चेहरा होतो तोच. ही गोष्ट लिहिली कुणी, तर चेझारे झावात्तिनीनं, ज्यानं 'बायसिकल थीव्ज' लिहिला होता. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. सरांना हे माहीत होतं का मला माहीत नाही, मला मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

एकतीस वर्षांनी, १९९४ मध्ये, रॉबर्ट ऑल्टमननं आपल्या एका सिनेमात त्याच दोघांना घेऊन तोच प्रसंग परत केला. तेच गाणं, सोफिया साठीची, तशीच कपडे उतरवतेय, मास्त्रोयानी सत्तरीचा, पलंगावर. यावेळी तो घोरतोय. मला पहिल्यापेक्षा हा प्रसंग जास्त आवडतो, पण पहिला बघितल्याशिवाय हा बघू नका.

गेल्या गणपतीत गुहागरला गेले होते. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघ्यांचं काही खरं नाही, दिवसभर पडवीत खुर्चीत. कॅसेट कधीच गेली, प्लेअर माळ्यावर. मी त्याच्या शेजारी बसून मोबाईलवर आधी कारोसोने लावला. मामानं लगेच मान हलवली, "नापोली." मग मी म्हटलं आता हा बघ, आणि मॅम्बो लावला. मामा चष्मा वर सारून बराच वेळ बघत होता. लाल ड्रेसबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "हा म्हातारा कोण गो?"

मी म्हटलं, मामा, हा फार मोठा दिग्दर्शक होता, ह्याच्या सिनेमाला सगळं जग रडलंय, सायकल चोरीला जाते त्याची गोष्ट.

"गावली का सायकल?"

"नाही."

"हं," मामा म्हणाला. तेवढ्यात रेंज गेली आणि डी सिका एक हात वर आणि कंबर डावीकडे अशा अवस्थेत थांबला, वर ते गोल चक्र फिरायला लागलं. मामानं मोबाईल हातात घेतला, उलटा करून बघितला, कठड्यावर हलकेच आपटून बघितला जसा पूर्वी टेपरेकॉर्डर आपटायचा, आणि परत माझ्या हातात देत म्हणाला, "लाव लाव परत. चांगला नाचत होता."